लो गिअरमधला उतार

दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. मावशीच्या गाडीत बसलं की आयुष्याची दोरी बळकट होते, फक्त जेवायची वेळ टळते, अशी तिची थट्टा चाले. कारण उतार लागला की मावशी गाडी थांबवायची, मोठ्या गिअरशेजारचं बुटकं लिव्हर ‘लो’मध्ये टाकायची, पहिला गिअर घालायची आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून घ्यायची. मग इंजिनच चाकांना मागे ओढून धरायचं आणि गाडी माणसाच्या चालीने उतरायची.

“ब्रेक तापतो आणि ऐन वेळी दगा देतो,” ती म्हणायची. “इंजिन धरलेलं सोडत नाही.”

त्या दुपारी डोंगरावरच्या टॉवरवरून एक वायरमन पडला. मांडी मोडलेली, रक्त थांबत नव्हतं. मावशी आणि सिस्टर वर गेल्या, त्याला मागच्या भागात स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधला, सिस्टर त्याच्यापाशी बसली. उतरायला लागल्या तेव्हा धुकं इतकं दाटलं होतं की बॉनेटपुढे जग उरलंय की नाही, कोण जाणे. रस्ता कच्चा, चिखलाचा. एका अंगाला दरी.

पहिलं वळण ठीक गेलं. इंजिन नेहमीसारखं कण्हत होतं. दुसऱ्या वळणावर गाडीच्या पोटात ‘टक्’ झालं आणि ते कण्हणंच थांबलं.

मावशीने कान टवकारले. इंजिन नुसतं पुटपुटत होतं, अंगणात उभ्या गाडीसारखं. उतारावर ओझं पेलणाऱ्या इंजिनाचा हा आवाज नव्हे. आता गाडी सुसाट सुटणार, म्हणून तिने स्टिअरिंग आवळलं. पण गाडी सुटली नाही. त्याच चालीने, पाऊल पाऊल, उतरत राहिली.

हे बरं की वाईट, तिला कळेना. तिने आरशात पाहिलं; धुकं. लिव्हर चाचपलं; ‘लो’मध्येच होतं. राहवेना म्हणून तिने ब्रेकला नुसता पाय लावला. चाकं जाम झाली आणि गाडीचं बूड चिखलावरून दरीकडे सरकू लागलं. तेवढ्यात मागून हिसका बसला. गाडी सरळ झाली, अवखळ वासराला दाव्याने ओढावं तशी.

तिने पाय काढून घेतला. पुन्हा लावला नाही.

काचा बंद असूनही ओल्या मातीचा आणि घामाचा वास आत आला. पाचव्या वळणापाशी मागून कुणीतरी बोललं. धाप लागलेला, पुरुषाचा आवाज.

“मावशी... हात भरून आले...”

वायरमन शुद्धीवर आला वाटतं, स्ट्रेचरचा दांडा धरून पडला असेल बिचारा. “धीर धर रे राजा. थोडंच राहिलंय.”

“फार जड आहे... सोडू का?”

“अजिबात सोडू नकोस! घट्ट धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, ऐकलंस?”

आणखी एक वळण गेलं. मग अगदी मानेजवळून, “...बरं.”

उतार दवाखान्याच्या फाटकातच संपायचा. तिथे गाडी आपोआप थांबली. माणसं धावली, स्ट्रेचर आत गेलं. बऱ्याच वेळाने सिस्टर हात पुसत बाहेर आली.

“वाचेल तो,” ती म्हणाली. मग जरा घुटमळली. “मावशी, वाटेत तुम्ही कुणाशी बोलत होतात?”

“त्याच्याशीच की. हात भरून आले म्हणत होता.”

“तो टॉवरखालीच बेशुद्ध झाला होता हो. अजून डोळे उघडले नाहीत. मला फक्त तुमचाच आवाज येत होता...”

मावशीने त्या रात्री घरातले दिवे मालवले नाहीत.

सकाळी मेकॅनिकने गाडीखाली शिरून खालची गिअरपेटी उघडली. बाहेर आला तो तोंड पाडूनच.

“आतला दांडा मधोमध तुटलाय, मावशी. इंजिनाचा चाकांशी संबंधच उरलेला नाही. लिव्हर ‘लो’त असो नाहीतर आणखी कुठे, गाडी मोकळी होती. खरं सांग, कशी आणलीस?”

 मावशी त्याला घेऊन पायीच चढावर निघाली. चिखलात ऑइलचे थेंब दिसत गेले, थेट दुसऱ्या वळणापर्यंत. आणि चाकांच्या दोन रेघांच्या मधोमध आणखी दोन चर होते. अरुंद, खोल. कुणी अनवाणी टाचा रोवून, मागे रेलून, ओढत ओढत यावं तसे. ते दुसऱ्या वळणावर सुरू होत होते आणि फाटकात संपत होते. तिथून कुठे गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

“कसली तरी साखळी लोंबत असेल,” मेकॅनिक म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

आठवड्याने नवा दांडा बसला. मेकॅनिकने फाटकातल्या सपाट जागी उभी असलेली गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला आणि पुढे ढकलायला लागला. गाडी हलेना. दोघांना हाक मारली. तिघांनी खांदा लावला. तरी जागची हलेना.

“काय अडलंय कुणास ठाऊक!” म्हणत तो पुन्हा खाली शिरला.

मावशी मागे गेली. वाकून तिने बंपरखाली हात घातला. लोखंड थंडगार होतं. फक्त आतल्या बाजूला चार इथे, चार तिथे, बोटांएवढ्या आठ जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्या कोमट होत्या.

तिच्या ओठांवर ‘सोड’ आलं. पण समोर डोंगर होता, आणि उद्या पुन्हा वर जाऊन तो उतार उतरायचा होता. तिने तोंड मिटून घेतलं.