तिसरं शहाळं

"पोटची पोर असती, तर तिच्या तोंडचं शहाळं असं ओतून दिलं नसतंस!" सासूबाईंचे, भार्गवीअम्मांचे, शब्द हॉस्पिटलच्या अख्ख्या वॉर्डाने ऐकले आणि रजिता रिकामा पेला हातात धरून तशीच उभी राहिली...

चार वर्षं तिने सवतीच्या मालूला जिवापाड जपलं, तरी सासूबाईंनी नातीला शिकवलं ते 'चेरियम्मा', धाकटी आई. 'अम्मा' ही हाक तसबिरीतल्या थोरलीसाठी राखून ठेवलेली!

अनीसा डॉक्टरांनी मालूचे पहिलेच रिपोर्ट पाहून बजावलं होतं : रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी दोन लाखांवर आहेत, औषध सुरू होताच त्या भराभर फुटतील, त्यांतलं पोटॅशियम रक्तात उतरेल, मूत्रपिंडं तुंबली तर हृदयही थांबू शकतं... म्हणून शहाळं नको, केळं नको, लघवी थेंबन् थेंब मोजायची. "शहाळ्याने अंग निवतं, डॉक्टरला काय कळतंय," सासूबाई पुटपुटल्या होत्या. रजिता मात्र दोन दिवस मोजून वहीत लिहीत होती. आज तीन तास भांडं कोरडंच होतं आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी डॉक्टर धावतच आल्या. "पोटॅशियम एकदम चढलंय. काही पाजलंत हिला?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. रजिता काय ते समजली. नुकताच पोचलेला तिचा नवरा, सुगतन, आईकडे वळणार एवढ्यात ती म्हणाली, "मी पाजलं. शहाळं."

"तू?" तो तिच्या अंगावर धावून आला. "चालती हो. माझ्या पोरीजवळ फिरकू नकोस."

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "किती पाजलं, कधी? अजून किती चढेल ते मला कळायला हवं."

रजिताला कुठे ठाऊक होतं! "एक पेला... असेल."

"दोन शहाळी," भार्गवीअम्मा पुढे होऊन म्हणाल्या. "एक पहाटे, एक नऊला, ही कपडे धुवायला गेली तेव्हा. मी पाजलं, सुगता. ही माझ्यासाठी खोटं बोलतेय..."

मग इंजेक्शनं, सलाईन, छातीला चिकटवलेल्या तारा... सुगतन मान खाली घालून दाराशी उभा होता. सासूबाईंनी सुनेचा धरलेला हात सोडला नाही.

दिवेलागणीला मालू कण्हली, "चेरियम्मा... शू."

"अम्मा म्हण तिला, बाळा," भार्गवीअम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "मीच तुला चुकीचं शिकवलं."

रजिताने भांडं उजेडात धरलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला रेघा धड दिसेनात.

"एकशे ऐंशी मिली," ती म्हणाली, आणि भार्गवीअम्मांनी वही ओढून तो आकडा आपल्या हाताने लिहिला.