स्टुलं का डुगतात?

“हेही डुगतंय,” शेपूट म्हणाला. मग शेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. “आणि हे तर फारच छान डुगतंय.”

“छान काय त्यात? ऊठ आधी,” टाचणी म्हणाली.

शेपूट हा टाचणीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे मागून हजर, म्हणून शेपूट. टाचणी अंगाने बारीक आणि डोक्याने टोकदार. तिसरा त्यांचा चुलतभाऊ ढोल. त्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. सुट्टी लागली आणि तिघं आत्याकडे आली. आत्या सुतार होती, आणि घरापुढेच तिचं वर्कशॉप होतं.

पाळणाघरासाठी आत्याने लहान मुलांची स्टुलं करायला घेतली होती. पहिली तीन जोडून झाली आणि तिन्ही डुगली. आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि परत काढून खिशात ठेवला.

“नजर गेली माझी,” ती म्हणाली. “उद्या पाळणाघराच्या बाई येतील. त्यांना सांगते, दुसरा सुतार बघा. डुगत्या स्टुलावरून एखादं पोर पडायला नको. करवतही देऊन टाकते कुणाला तरी.”

ती करवत म्हणजे आत्याचा जीव. भोकाभोकांचं एक मोठं टेबल, त्यावर आडवा रूळ, आणि रुळावरून आगगाडीसारखी सरकणारी विजेची करवत. टेबलाच्या कडेला एक लांब पट्टी होती आणि पट्टीवर पेचाने आवळलेला लोखंडी स्टॉपर. लाकूड रुळाखालून सारायचं, टोक स्टॉपरला टेकवायचं आणि करवत चालवायची. माप एकदाच घ्यायचं. पुढचे सगळे तुकडे आपोआप तेवढेच. काल कापताना आत्या गुणगुणत होती :

सर गं फळी, टेक गं फळी,
बहिणीसारखी नीघ गं फळी.

आज वर्कशॉपमध्ये गाणं नव्हतं. नुसता भुशाचा वास होता.

आत्या आत गेली तशी टाचणीने बाह्या वर केल्या. “करवत कुणाला जाणार नाही. काल कापलेले सगळे पाय आणा इकडे.”

“सगळे?” ढोल ओरडला. “ढीग आहे तो!”

“म्हणून तर तुला सांगतेय.”

ढोलने पाय आणले, शेपटाने अर्धे वाटेत पाडले आणि टाचणीने ते सपाट टेबलावर एकाशेजारी एक उभे केले. मग खाली वाकून, डोळा टेबलाच्या उंचीला आणून तिने रांगेकडे पाहिलं. काही पाय शेजाऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढे आखूड होते. तिने आखूड पाय एका बाजूला काढले आणि लांब दुसऱ्या बाजूला. मग आखूड पायांच्या टोकांवरून बोट फिरवलं. बोट कुठेच अडखळलं नाही.

“आत्या, बाहेर ये. बोट फिरव इथून.”

आत्याने बोट फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

“नजर चुकली असती तर प्रत्येक पाय वेगळा चुकला असता,” टाचणी म्हणाली. “इथे दोनच उंच्या आहेत. लांब सगळे सारखे, आखूड सगळे सारखे. चुकलेले पायसुद्धा तू अगदी बरोबर कापलेस.”

आत्याला हसू येता येता राहिलं. “म्हणजे मधेच स्टॉपर सरकला. पण तो आवळला मीच ना? नजर नाही तर हाताचा जोर गेला म्हणायचा. गोष्ट तीच झाली, बाळा.”

टाचणीचं तोंड एवढंसं झालं. इतक्यात टेबलाखालून आवाज आला.

“ताई, याला खालून हिरवं लागलंय.”

शेपूट एवढासा, म्हणून स्टॉपरची खालची बाजू त्याच्याच नजरेला पडली. टाचणी आणि ढोल खाली घुसले. लोखंडाच्या कडेला हिरव्या रंगाचा ओरखडा होता.

“आत्या, तू हिरवा रंग वापरतेस?”

“मी कुठला रंग वापरते? लाकडाला लाकडाचाच रंग बरा.”

टाचणी आणि ढोलने एकमेकांकडे पाहिलं. शेजारच्या गाळ्यात पाट्या रंगवणारे रंगारीकाका होते. दुपारी आत्या जेवायला आत गेली की ते प्यायचं पाणी घ्यायला इकडे येत.

“पण नुसतं म्हणून चालणार नाही,” टाचणी म्हणाली. “आत्याला दिसलं पाहिजे. आत्या, स्टॉपर पुन्हा आवळ. होता नव्हता तेवढा जोर लाव.”

आत्याने तो आवळला. ढोल दोन्ही हातांनी लोंबकळला, तरी स्टॉपर हलला नाही. टाचणीने स्टॉपरवरून खालच्या पट्टीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली. दुपारी आत्या जेवायला गेली आणि तिघं फळ्यांच्या थप्पीमागे बसली.

“मी बोलणार नाही,” ढोल म्हणाला.

“तू बोलतोयस.”

“हे शेवटचं.”

दार करकरलं. रंगारीकाका आले. पाणी प्याले, पाठ खाजवली, मग बाहेर जाऊन रंगाचा डबा घेऊन आले. डब्याच्या झाकणाची कड त्यांनी स्टॉपरखाली अडकवली आणि डब्याला असा हिसका दिला की झाकण टपकन उघडलं. नेमका तेव्हाच ढोलच्या नाकात भुसा गेला. त्या शिंकेने काकांच्या हातातलं झाकण पडलं.

“कोण आहे रे?”

तिघं बाहेर आली. आवाजाने आत्याही धावत आली.

“अहो, माझा पेचकस हरवलाय,” काका ओशाळून म्हणाले. “या लोखंडाने झाकण मस्त निघतं. कालपासून इथेच उघडतोय.”

टाचणीने स्टॉपरकडे बोट दाखवलं. खडूची रेघ मधेच तुटली होती. वरचा तुकडा खालच्यापासून दाण्याभर सरकला होता.

“एवढंसंच तर हललंय,” काका म्हणाले.

“यावर बसा,” शेपूट म्हणाला आणि त्याने त्यांना स्टूल दिलं.

काका बसले, डुगले आणि खाली मान घालून उठले. “ताई, चुकलो. ही का डुगतात, तुम्हाला काय वाटलं होतं?”

“काही नाही,” आत्या म्हणाली. तिने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. “ढोल, पेचकस दे यांना. परत मागू नकोस. टाचणे, तिन्ही स्टुलांचे पाय सोडव. लांबांना लांबांची जोड, आखडांना आखडांची. एकही पाय फुकट जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या बाई आल्या तेव्हा भिंतीशी स्टुलांची रांग लागली होती. बाईंनी एकेक हलवून पाहिलं. “कुणी इतक्या निगुतीने पाय जुळवलेत?”

“माझ्या तीन कारागिरांनी,” आत्या म्हणाली. “मला माझा हात परत मिळवून दिला पोरांनी.” तिने टाचणीला जवळ ओढलं. “उरलेले पाय कापायचेत. करवत मी चालवीन, पण स्टॉपरवरची रेघ तू ओढायची. या टेबलावर आता रोज रेघ.”

शेपूट शेवटच्या स्टुलावर बसून डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. स्टूल ढिम्म.

“एक तरी डुगतं ठेवायचं होतं,” तो हिरमुसून म्हणाला.

त्यावर सगळे हसले, पण ते हसणं त्याला नीट ऐकूच आलं नाही. करवत सुरू झाली होती, आणि तिच्या आवाजाच्या वर आत्या मोकळ्या गळ्याने गात होती :

सर गं फळी, टेक गं फळी…