पोळ्याआधी हरवलेला सर्जा

सकाळी आठ वाजता गंगासागरकाकूंनी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं होतं, तेवढ्यात समोरच्या वसतिगृहातून तेजश्री धावत आली. पायात चप्पल नव्हती.

"काकू, सर्जा गेला."

"कुठं गेला?"

"ठाव न्हाई. खोलीला कुलूप हाय, आन् आत सर्जा न्हाई."

सर्जा म्हणजे वीतभर लांबीचा, काळ्या मातीचा बैल.

शिरूर कासारातल्या या वसतिगृहात ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं हंगामभर राहतात. चित्रकलेच्या रवि सरांनी यंदा संक्रांतीच्या सुट्टीसाठी मुलांकडून एक पिक्चर करून घ्यायचं काढलं होतं. बैल, शेळी, कुत्रा आणि कावळा अशा चौघा मित्रांची गोष्ट. मातीची जनावरं केसभर हलवायची, मोबाईलनं फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. दीड महिन्यात सात मिनिटं झाली होती. राहिला होता फक्त शेवट, पोळ्याचा. तो आज घ्यायचा आणि चारच्या एसटीनं रवि सर पिक्चर आणि पडदा घेऊन कारखान्याच्या तळावर जाणार, तिथल्या कोप्यांसमोर, पाचटाच्या झोपड्यांसमोर, आईबापांना दाखवणार, असं ठरलं होतं. बैल तेजश्रीनं केला होता, शेवटही तिनंच सुचवला होता. पंधरा दिवस ती आईला फोनवर एकच सांगत होती, "शेवटपस्तोर बघ. झोपू नको."

"दुसरा बैल कर की," काकू म्हणाल्या.

"वाळायला दोन दिस लागतेत."

काकूंनी शटर परत खाली ओढलं. दुकान वह्या-पेन्सिलींचं, पण खरा धंदा चौकशीचा, असं गावात त्यांच्या पाठीमागं म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारायची दांडगी हौस. गावातल्या चोऱ्या पोलिसांआधी त्यांना कळत.

चित्रकलेच्या खोलीत टेबलावर हिरव्या कागदाचं शेत होतं. शेळी, कुत्रा, कावळा जागच्या जागी. रवि सर येरझाऱ्या घालत होते.

"काकू, सव्वाआठ झाले. चारला गाडी आहे."

"तुम्ही आधी एका जागी उभे राहा. माझं डोकं फिरतंय."

काकू वाकल्या. बैलाच्या जागी मातीचा थोडा चुरा होता. शेजारी काडीचं छोटं जू पडलं होतं. पडलं कसलं, नीट ठेवलं होतं. त्याची दोरी तुटली नव्हती, गाठ सोडून गुंडाळली होती. हिरव्या कागदावर दोन पिवळे डाग होते. बैलाचे पुढचे पाय जिथं होते, त्याच्या एक डावीकडं, एक उजवीकडं. डागांभोवती तेलकट कडं. बैलाच्या तोंडासमोर मात्र कागद कोरा होता.

"जू काल कुणी सोडलं?"

"कुनीच न्हाई," तेजश्री म्हणाली. "आज सकाळी सोडनार हुतो."

"किल्ली कुठं असते?"

"सयपाकघरात, खिळ्याला."

म्हणजे किल्ली सगळ्यांचीच. काकूंनी पहिल्यांदा अधीक्षक श्रीशैल सरांना गाठलं.

"मला हा पिक्चरचा नाद पटलेला नव्हता, हे खरंय," सर म्हणाले. "परीक्षा तोंडावर आलीय. पण म्हणून मी बैल चोरीन?"

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"सातला गावात गेलो. साडेआठला आलो."

"सातच्या आधी?"

"जेवलो. तुळजाबाईंना विचारा."

स्वयंपाकीण तुळजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"माझ्या भांड्यात चिखल कालवतेत ही पोरं, म्हनून मी लई बोलले. पर चोरी न्हाई केली."

"काल कुणी काय मागितलं तुमच्याकडं?"

"सरानं भातावर तूप घेतलं. राधाकिशननं हळद न्हेली, गरम पान्यात कालवून. पाय मुरगळलाय म्हनला."

"तुपाची वाटी?"

"भरली व्हती. सकाळी बघते तर निम्मी."

"सरांनी एवढं घेतलं?"

"एक चमचा. त्यास्नी कोलेस्टरॉल हाय."

वॉचमन राधाकिशन टाकीच्या शिडीवर होते. साठीचा माणूस. वीस वर्षं कारखान्यावर बैलगाडीनं ऊस वाहिला; बैल गेले तेव्हापासून आठ वर्षं इथं फाटकावर. काकूंनी हाक मारल्यावर ते सरसर खाली उतरले आणि दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चालू लागले.

"रात्री कुणी आलं होतं?"

"न्हाई."

"पाय कसा आहे?"

राधाकिशन थबकले. "हाय बरा," म्हणाले आणि बादल्यांतल्या पाण्याकडं बघत राहिले.

नऊ वाजले. काकूंनी सगळ्यांना चित्रकलेच्या खोलीत बोलावलं.

"चोरानं कुलूप फोडलं नाही, म्हणजे तो घरचाच. बाकी जनावरांना हात लावला नाही, म्हणजे खोडी काढायची नव्हती. पण त्यानं आधी जू सोडलं, दोरी गुंडाळून ठेवली. चोराला एवढी सवड असते का? ज्याच्या हाताला वळण आहे, तोच असं करतो."

"आणि हे डाग?" रवि सरांनी विचारलं.

"हळद आणि तूप. पूजा केली असती तर कपाळाला लावली असती, थेंब तोंडासमोर पडले असते. थेंब दोन्ही खांद्यांखाली आहेत. सिरसाळ्याला माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आमच्याकडं बैल कधीच नव्हते, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद तोलून तोलून वडिलांचे हात पिवळे व्हायचे. गिऱ्हाईक एकच म्हणायचं, खांदमळणीला पाहिजे."

काकूंनी चष्मा वर सरकवला.

"वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो. म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जू उतरवायचं, गरम पाण्यानं खांदा शेकायचा, हळद-तूप चोळायचं. सर्जाचा पोळा आज होता, मग त्याची खांदमळणी काल. आता सांगा, इथं कुणाला ती चुकवणं जमलं नसतं? श्रीशैल सरांना बैलाची शेपूट कुठल्या बाजूला असते तेही धड माहीत नाही. तुळजाबाईंना स्वतःच्याच हातातलं तूप चोरायची काय गरज? आणि ज्याचा पाय मुरगळलाय तो सरसर शिडी उतरून दोन बादल्या घेऊन ताठ चालत नाही. राधाकिशनभाऊ, सर्जा कुठाय?"

राधाकिशन बाहेर गेले आणि ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. सर्जाची मान वाकली होती, वशिंड बसलं होतं, पुढचे पाय मऊ पडून दुमडले होते.

"माती कच्ची हाय हे मला ठाव व्हतं," ते म्हणाले. "पर हात चालाय लागला आन् ध्यानातच राह्यलं न्हाई. आठ वरसं झाली, हाताला खांदा लागला न्हाई. गरम पानी घातलं आन् मान लवली. नीट करून ठिवावं म्हनून न्हेला. जेवढं नीट करतो, तेवढं बिघडतंय."

"मग सांगितलं कावून न्हाई?" तेजश्री ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी आई जागी राहनार हाय."

"कोन्त्या तोंडानं सांगू, बाई?"

तेजश्रीनं बैल हातात घेतला. चिडून खाली आपटेल असं रवि सरांना वाटलं, ते पुढंही झाले. पण ती दुमडलेल्या पायांकडं बघत राहिली.

"ह्यो बसतोय," ती म्हणाली. "पोळ्याला बैलाला काम नसतंय. ह्येनं बसावं. दोस्त येतील त्येच्याकडं."

"पण हा ओला आहे, काळा दिसेल," रवि सर म्हणाले.

"पोळ्याला बैल धुतेत, सर. वलाच असतोय."

ती बैल टेबलावर बसवायला लागली. तो कुत्र्यासारखा दिसायला लागला. दोनदा केलं, दोनदा बिघडलं. मग तिनं तो राधाकिशनपुढं धरला.

"तुमी बसवा."

राधाकिशननं आधी हात धोतराला पुसले. मग बैलाचा एक पुढचा गुडघा टेकवला, रवि सरांनी फोटो काढला. दुसरा गुडघा, फोटो. मागचं अंग हळूच कलंडवलं, फोटो. साडेतीन वाजेपर्यंत कुणी जेवलं नाही. तुळजाबाई दोनदा ओरडून गेल्या आणि तिसऱ्यांदा स्वतःच दारात उभ्या राहिल्या. चारची गाडी रवि सरांनी पळत जाऊन पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या फोनवर तेजश्रीचा बाप होता. आई शेवटपर्यंत जागी होती, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "शेवट परत लावाय लावला आमी. तळावरचे समदे गाडीवान म्हनत व्हते, ह्यो बैल बसवनारा मानूस बैलातलाच हाय. कुनी बसवला, गं?"

फाटकाशी राधाकिशन झाडू मारत होते. त्यांचा हात थांबला होता.

"आमच्या राधाकिशनबाबानं," तेजश्री म्हणाली. "थांबा, देते त्येंच्याकडं."