फिल्टरची तारीख

फिल्टरवाला पहिल्यांदा आला तेव्हा बाहेर मळभ होतं आणि ती नळाशेजारी तोंड पाडून बसली होती. समोर वडिलांचं शेवटचं पत्र.

ग्रंथालयाच्या दुरुस्तीखोलीत जुने कागद शुद्ध पाण्यात धुऊन त्यांचा पिवळेपणा काढायचा, हे तिचं काम. परक्यांची शेकडो पत्रं तिने निगुतीने धुतली होती. वडील गेल्यावर त्यांचं हे एक धुतलं, आणि वाळल्यावर त्यावर तपकिरी ठिपके उमटले.

त्याने बाटलीत नळाचं पाणी घेऊन चार थेंब औषध टाकलं. पाणी नारिंगी झालं. जुन्या पाइपाचा गंज उतरलाय, फिल्टर संपलाय, म्हणाला. धुण्याआधी पाणी तपासायचा नियम होता. त्या दिवशी डोळे भरलेले, तिने तपासलंच नव्हतं. तेव्हापासून ती स्वतःलाच बोल लावत राहिली.

नवा फिल्टर बसला, तरी तो दर सोमवारी यायचा. बाटली खिडकीशी धरून गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "पाणी बरंय. तुम्ही?"

"माझी तपासणी तुमच्या कामात येत नाही."

"येत नाही... जाता जाता करतो."

ती मान खाली घालून हसू लपवायची. त्या उदास खोलीत तेवढंच काय ते हसू. सोमवारी केस जरा नीट विंचरले जाऊ लागले, हे तिचं तिलाही उशिराच कळलं.

एका सोमवारी त्याने बाटली काढलीच नाही.

"फिल्टर बदलायची तारीख उलटून गेली होती. बदलायचं काम माझं होतं, मी चालढकल केली. तुमचं पत्र माझ्यामुळे बिघडलं. पहिल्या दिवशी सांगायला जीभ रेटली नाही. आणि मग तुम्ही आवडायला लागलात... मग तर तोंडच उघडेना."

तिला मनस्वी राग आला. दोन महिने ती स्वतःला कोसत होती, आणि हा बाटल्या हलवत होता. तिने पाठ फिरवली. त्याने पिशवी उचलली.

पत्र टेबलावरच होतं. ठिपक्यांखालून शेवटची ओळ अजून वाचता येत होती – सवड काढून एकदा येऊन जा. तिने सवड काढली नव्हती. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणता म्हणता वडीलच गेले होते.

तो दारापर्यंत पोचला होता.

"पुढच्या सोमवारी या," ती म्हणाली. "फक्त... टाळू नका."