हिला कोणी शिकवलं?

त्या वर्षी कानामागे पट्टी नसलेला माणूस बघायचा असेल, तर रविवारी चर्चमध्ये जावं लागे. एरवी वकील, कंपाउंडर, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांच्या उजव्या कानामागे नखाएवढी स्मरणपट्टी चिकटलेली. संध्याकाळी लावली की सकाळी अख्खा कायदा नाहीतर औषधांची यादी तोंडपाठ. पाठांतर पाट्या-वरवंट्यासारखं अडगळीत गेलं होतं. फक्त बोरखेडीच्या चर्चच्या मंडळीत बायबलच्या वचन-पाठांतराची स्पर्धा अजून जुन्या रीतीनं, पट्टीशिवाय व्हायची.

तिथे कोणी कोणाचे कान तपासत नसे. एखाद्या मुलीचं वचन म्हणून झालं की पाळकसाहेब आईबापांना उभं करत आणि एवढंच विचारत, "हिला कोणी शिकवलं?" आईबापांनी सांगायचं, "घरच्या प्रार्थनेत शिकली." मंडळीनं आमेन म्हणायचं. या उत्तरावर आजवर कोणी शंका घेतली नव्हती, कारण देवाच्या घरात उभं राहून कोण खोटं बोलणार?

बन्यामीन आवसरमलनं नेमका याच विश्वासावर डाव टाकला. तो मंडळीचा सेक्रेटरी, शीतगृहाचा मॅनेजर, आणि बायको गेल्याला सहा वर्षं झालेली. मुलगी तबिथा सतरा वर्षांची. पाच जिल्ह्यांची अंतिम फेरी यंदा बोरखेडीतच होती, आणि पहिल्या येणाऱ्या मुलाला नाहीतर मुलीला मिशनच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक राखीव जागा होती. त्या जागेनं बन्यामीनला पछाडलं होतं. पोरीचं पाठांतर बरं होतं. पण बऱ्याला कोण विचारतो?

"पप्पा, चर्चमध्ये हे चालतं का?" पट्टीची डबी बघून तबिथानं विचारलं.

"वचन देवाचंच आहे ना? मग ते कुठल्या दारानं आत गेलं, याला काय महत्त्व?"

तिनं डबी त्याच्या हातात परत दिली. पट्टी लावणाऱ्या तंत्रज्ञानं मात्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. "साहेब, ही मेंदूत नवा रस्ता बांधत नाही. त्याच विषयाची जी सगळ्यांत जुनी, मळलेली वाट असते, तिच्यावरून मजकूर नेते. नव्वद दिवसांनी पट्टी विरते, तेव्हा..."

बन्यामीनला मीटिंगला जायचं होतं. "संमतीचा अंगठा कुठं द्यायचा तेवढं सांगा," तो म्हणाला.

स्पर्धेत तबिथा, पट्टी मोकळ्या केसांआड झाकून, एका शब्दाला अडखळली नाही. सगळं जग कमावून आत्मा गमावणाऱ्या माणसाविषयीचा उतारा तिनं असा म्हटला की पुढच्या बाकावरच्या बायांनी पदरानं डोळे टिपले. बन्यामीन मान डोलवत होता. त्या उताऱ्याशी आपला काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. पाळक उजगरे यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "घरच्या प्रार्थनेत शिकली." तबिथा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. जागा मिळाली, पेढे वाटले गेले, आणि तीन महिने भरले तशी पट्टी आपोआप विरून गेली.

त्याच आठवड्यात शीलाचा, तबिथाच्या आईचा, स्मरणदिन होता. दोघं सकाळी कबरस्तानात गेले. शीलानं स्वतः रचलेली एक प्रार्थना होती. पोरीच्या कपाळावर हात ठेवून ती रोज म्हणायची. ती कुठं लिहिलेली नव्हती. दरवर्षी तबिथा कबरेपाशी तीच म्हणत असे. यंदा तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"पप्पा, येत नाही."

"आठव. घाई नाही."

"विसरले असते तर एखादा शब्द तरी आला असता. आईचा हात आठवतोय. हाताला खोबरेल तेलाचा वास होता, तोसुद्धा आठवतोय. पण ती ओठ हलवते नि आवाजच नाही." मग तिनं त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही पहिली ओळ सांगा. पुढचं येईल मला."

तंत्रज्ञाचं अर्धं राहिलेलं वाक्य बन्यामीनला आता पुरं ऐकू आलं. पोरीच्या मनातली देवाकडे जाणारी सगळ्यांत जुनी वाट शीलानं घालून दिली होती. पट्टी त्याच वाटेनं गेली आणि विरताना वाट पुसून गेली. वकिलाची जुनी कलमं पुसली गेली तर त्याचं सुतक कोणी पाळत नाही. पण इथे त्याच्या पोरीची आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी अंगठा त्यानं दिला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तेही एवढ्यासाठीच नाही. पहिली ओळ त्याला येत नव्हती. दुसरीही नाही. अकरा वर्षं त्याच्या घरात रोज ती प्रार्थना झाली आणि तो एकदाही तिला बसला नव्हता. कधी शीतगृह, कधी चर्चचीच मीटिंग. भरल्या चर्चमध्ये ज्या घरच्या प्रार्थनेची ग्वाही त्यानं दिली, ती काय होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. एक ओळ तेवढी त्यानं ऐकली होती, पडवीत बूट काढताना, दाराआडून. तीही कबरेपाशी सांगायची त्याला लाज वाटली.

तो पाळकसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. निदान तसं त्याला वाटलं.

"माझ्याजवळ बोललात, बरं केलंत," उजगरे म्हणाले. "पण भाऊ, खोटं तुम्ही एकट्या माझ्याशी बोलला नव्हतात."

"पोरीची जागा जाईल, पाळकसाहेब."

"जाईल. तिला विचारलंत का?"

घरी येऊन त्यानं विचारलं. तबिथा कॉलेजला न्यायच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री बाजूला ठेवली.

"मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. लाज मलाही वाटते, पप्पा. डॉक्टरचा कोट घालून ती जन्मभर अंगावर वागवू का?"

रविवारी बन्यामीन बाकावरून उठला. पाळकसाहेबांनी काही प्रस्तावना केली नाही. त्यांनी तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला. "हिला कोणी शिकवलं?"

"हिच्या आईनं शिकवलं होतं," तो म्हणाला. "मी ते पुसलं. जागेसाठी हिला पट्टी मी लावली, आणि इथंच उभं राहून तुमच्याशी, देवाशी खोटं बोललो."

कोणी आमेन म्हटलं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. जागा दुसरी आलेल्या मुलीला गेली. सेक्रेटरीपद त्यानं त्याच दिवशी सोडलं. कोणी थांबवलंही नाही.

दुपारी दोघं जेवायला बसले. कितीतरी वर्षांनी त्याला कुठेच जायचं नव्हतं. ताटातला भात निवत होता.

"मला एक ओळ येते," तो खाली बघत म्हणाला. "शेवटची असावी. मी दाराआडून ऐकली होती. तुझी आई मला टोमणा मारतेय असं वाटून चिडलो होतो मी."

"सांगा."

"'जो बाहेर आहे, त्याला घरी आण.'"

तबिथानं ती ओळ ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघितली. तिच्यामागून दुसरं काही आलं नाही.

"रोज म्हणायची ती हे?"

"मी एकदाच ऐकलं. रोजच म्हणत असणार."

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता की माया, हे त्याला ओळखता येईना. इतकी वर्षं त्यानं ते डोळे नीट बघितलेच नव्हते.

"मग देवानं तिचं ऐकलं म्हणायचं का, पप्पा?" तिनं विचारलं. "की तुम्ही अजून पडवीतच बूट काढताय?"