पंधरावा जोड

“चपला मोजू नका, बाई. मोजायचीच हौस असली तर तुमची पोरगी मोजा.”

दानम्मानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसले होते. पोरगी एक, संघमित्रा, घरात मित्रा. तिला काय मोजायचं?

पण मी मुळातच मोजणारी. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, नोकरी लागली नाही, तेव्हा घरच मोजायला घेतलं. मित्राचे घास, मित्राच्या शिंका, गॅस बंद केल्याची खात्री तीनदा. जूनमध्ये तिच्या वह्यांसाठी लेबलं छापून आणली, ‘संघमित्रा आनंदराज सोनकांबळे, इयत्ता दुसरी’, आणि वह्या संपल्यावर डबा, बाटली, छत्री, सँडल, दिसेल त्याला लावत सुटले. “मलाबी एक लाव,” नवरा म्हणाला, “जळकोटला हरवलो तर कुणी आणून तरी देईल.” आनंदराज जळकोटला कृषी सहायक आहे. मी खरंच एका कोऱ्या लेबलावर त्याचं नाव लिहून त्याच्या चपलेला लावलं.

मित्राचं संगीत विद्यालय अहमदपूरच्या मोंढ्यात, खत-बियाणांच्या दुकानावर. युरियाचा वास आणि मुलांचा ‘सा’ एकाच जिन्यानं ये-जा करतात. दुसरी वाट नाही. वरच्या पायरीशी चपला, त्यांच्या राखणीला पाटावर दानम्मा, आत जाजमावर मुलं आणि ऐंशी वर्षांचे गुंडप्पा मास्तर. बाकीच्या आया तेवढ्या वेळात भाजी आणायच्या. मी जिन्यात बसून मोजायची.

मुलं चौदा. जोड पंधरा.

पंधरावा जोड लहान मुलीचा, तांबड्या पट्ट्यांचा, टाचेला झिजलेला. मुलं जिना चढताना तो नसायचा. सगळी आत बसली की असायचा. सुटल्यावर चपलांवर एकच झुंबड उडायची आणि झुंबड सरली की तोही नसायचा. तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बसले. कोण घालून जातं ते दिसलं नाही.

“दानम्मा, हा कुणाचा?”

“जास्तीचा हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे कमी न्हाई. कमी भरला तर घोर करावा, बाई.”

यंदा विद्यालयाला पन्नास वर्षं होत होती. शिकलेली आणि रिकामी दिसणारी मीच, म्हणून स्मरणिकेतला इतिहास माझ्या गळ्यात आला. मास्तरांनी तो तोंडी सांगितला. पहिली पेटी लातूरहून एसटीनं आली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं, त्यामुळे पेटी खिडकीशी बसली आणि मास्तर अहमदपूरपर्यंत उभे. पंचविसाव्या वर्धापनदिनाला पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं, की जुळवलेला तबला उतरला आणि तबलजी झोपला.

“आणि पहिल्या दिवशी मुलं किती होती?” मी विचारलं.

“पाच.” मास्तर पेटी पुसत होते. “जोड सहा. मला वाटलं, एखादं लाजायलंय. येईल आत. म्हणून थांबलो.”

“मग?”

“अजून थांबलोच हाय की. हे तेवढं लिहू नका.”

माझं लक्ष तेव्हा दुसरीकडेच होतं. मित्रा बेसूर आहे. थोडीथोडकी नाही, ठाम बेसूर. मास्तर म्हणाले, “कार्यक्रमात हिनं नुसतं तोंड हलवावं, बाई.” मला झोंबलं. शाळेत असताना मलाही असंच शेवटच्या रांगेत तोंड हलवायला उभं केलं होतं, आणि मी ते दहावीपर्यंत हलवत राहिले. “स्मरणिका अजून माझ्याच पिशवीत आहे, मास्तर,” मी म्हणाले. समूहगीताची पहिली ओळ मित्राला एकटीला मिळाली.

जिंकल्याच्या त्याच तोऱ्यात मी पंधराव्या जोडाचाही निकाल लावायचं ठरवलं. खूण करून सोडायचा आणि कुणाच्या पायात निघतो ते बघायचं. पर्समध्ये मित्राच्या नावाची लेबलं तेवढी होती. दोन काढली आणि तांबड्या सँडलांत आतून एकेक चिकटवलं.

दानम्मा चहा पिऊन वर आली. तिला वाचता येत नाही. तरी तिनं वाकून बघितलं आणि मग माझ्याकडे.

“अय्यो! नाव दिलात?”

“खूण केली नुसती.”

“पन्नास वरसं बिननावाचं होतं, बाई. गुमान बसत होतं.”

दुसऱ्या दिवसापासून तो जोड मित्राच्या सँडलांना अगदी चिकटून असायचा. मी मोजणं सोडून दिलं.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला, मंगल कार्यालयात. सगळ्या मुलींना पांढरे फ्रॉक, निळ्या रिबिनी. मंचाशेजारी चपला काढून पोरं रांगेत उभी राहिली आणि माझी पोरगी पोट धरून खाली बसली. सकाळपासून चार जिलब्या. मोजल्या होत्या मी, पण कार्यक्रमाच्या गडबडीत तिला थांबवायचं राहून गेलं. तिला उचलून मागच्या नळाकडे पळाले. ती ओकत होती, मी पाठ चोळत होते, आणि भोंग्यातून निवेदक म्हणाला, “पहिली ओळ गाणार आहे, कुमारी संघमित्रा सोनकांबळे.”

‘थांबा’ म्हणून ओरडणारच होते.

तेवढ्यात ओळ सुरू झाली.

तसा स्वच्छ सूर मी त्या विद्यालयात कधी ऐकला नव्हता. मित्राला कडेवर घेऊन बाजूच्या दाराशी आले. माईकसमोर एक मुलगी, माझ्याकडे पाठ. दोन वेण्या. मास्तरांचा हात पेटीवर थांबला होता आणि ते रडत होते.

मी मंचावरची मुलं मोजली. चौदा.

परत मोजली. चौदा.

कडेवर एक.

“आई,” मित्रा कानाशी म्हणाली, “ती माझी ओळ म्हणायलीय.”

टाळ्या थांबेनात. ओळखीच्या धोंडाबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझा हात दाबून म्हणाल्या, “काय गळा हाय हो पोरीचा! लई नशीबवान तुम्ही.” मग कडेवर बघितलं. “आन् ही धाकटी का?”

ती मुलगी गर्दीत दिसेनाशी झाली. कार्यालय रिकामं होत आलं तेव्हा फोन वाजला. आनंदराज जळकोटहून परस्पर कार्यक्रमाला येणार होता.

“अगं कुठं हाईस? शोधून दमलो. आम्ही घरी आलाव. पोरीला लई भूक लागलेली, वरण-भात खायलीय. आन् दोन-दोन जोड कशाला दिलीस तिला? दोन्हींवर तिचंच नाव. दोन्ही उचलून आणले.”

कडेवरची मित्रा अनवाणी होती.

फोनमध्ये मागं कुणीतरी खाता खाता गुणगुणत होतं. सुरात.

मी घरी गेले नाही. नांदेडची एसटी धरली आणि तिथून हदगाव, माहेर.

तीन आठवडे झाले. मित्रा इथं आहे. रोज सकाळी अंगणात ती ओळ गाते आणि माझी आई, नागुबाई, कानावर पदर दाबून ओरडते, “विशाखा, हिला आवर गं, म्हैस पान्हा चोरून राहिली!” मी आवरत नाही. ऐकत बसते. असं बेसूर दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. माझीच आहे ती.

आनंदराजला व्हिडिओ कॉल केला, मित्राला समोर धरलं. “जुना व्हिडिओ कशाला दाखवतीस? ही बघ, हितं बसलीय,” म्हणून त्यानं फोन फिरवला. पाठमोऱ्या दोन वेण्या. रिबिनी मी बांधते तशाच, डावीकडची जरा सैल. “वळ की गं, आई हाय,” तो म्हणाला. ती वळली नाही.

दानम्मानं दुकानाच्या फोनवरून कळवलं, “बाई, तुमचे साहेब पोरीला रोज आणून सोडायलेत. आता जोड बरोबर भरायलेत. चौदाच.”

पहिले काही दिवस आनंदराज रोज एकच विचारायचा, “कधी येतीस?” सोमवारपासून विचारत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी अहमदपूरला जाणार असेल, तर मोंढ्यामागच्या गल्लीत हिरव्या फाटकाचं घर आहे. आनंदराज बरा आहे का, एवढं बघून या. फाटकातूनच बघा. दाराबाहेर त्याची चप्पल असेल, छोटे दोन जोड असतील. माझी निळी चप्पलही तिथंच राहिली आहे; जूनमधल्या त्या भरात तिलाही लेबल लावलं होतं का, ते काही केल्या आठवत नाही. आणि आतून एखादी बाई काहीतरी मोजताना ऐकू आली, तर दार वाजवू नका. खिडकीतून त्यालाच हाक मारा. म्हणावं, चप्पल राहू दे, आहे तसा अनवाणी हदगावला ये.