मधला आकडा बारा

"बाबांना मी मारलं असं दादा म्हणतो," शिक्षिका म्हणाली. आवाज कोरडा होता.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी तिचे वडील घरात कोसळले. तिने नऊ दहाला रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी आली नऊ सत्तेचाळीसला. तोवर सगळं संपलं होतं. रुग्णवाहिका केंद्राच्या वहीत मात्र तिचा फोन नऊ अडतीसचा होता. म्हणजे गाडी नऊ मिनिटांत हजर, आणि मुलगी अर्धा तास हातावर हात धरून बसलेली!

"घरचा फोन जुना. त्यात नोंद राहत नाही. दादा तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही."

ती हे सांगत होती खासगी तपास करणाऱ्या बाईंना; त्यांना सगळे वहिनीच म्हणत. सोबतीला त्यांचे दीर, निवृत्त औषधविक्रेते. ते भाऊजी.

केंद्रात वहिनींनी वहीतून त्या दिवसाच्या अकरा फेऱ्यांची, फोनपासून गाडी पोचेपर्यंतची मिनिटं उतरवून घेतली. शिवाय त्या दिवसाचं कार्ड मागितलं. रोज संध्याकाळी ऑपरेटरबाई सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून त्यातले पाच पेन्सिलीने कार्डावर लिहीत: सर्वांत लहान, पाव वाटेवरचा, मधला, पाऊण वाटेवरचा, सर्वांत मोठा. त्या दिवशीचे होते ६, ८, १२, १७, २०.

"फोन कधी आला?" वहिनींनी विचारलं.

"वहीत आहे तोच," ऑपरेटरबाई मान खाली घालून म्हणाल्या. "कार्ड करून मी साहेबांकडे देते. वही इथेच टेबलावर असते."

चालक तुटकपणे बोलला. "निरोप मिळाल्यावर नऊ मिनिटांत पोचलो. त्याआधी कुठे होतो ते साहेबांना विचारा. कार्डातलं मला ओ की ठो कळत नाही."

व्यवस्थापक मात्र मोकळेपणाने बोलले. "गाडी केंद्रातच होती. सरासरी फसवी असते हो, म्हणून मीच ही पाच आकड्यांची पद्धत आणली. एखादा आकडा भलताच मोठा निघाला तरी मधला ढिम्म हलत नाही!"

वहिनींनी बाकीच्या दहा घरी फोन केले. त्यांच्या वेळा वहीशी जुळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात सगळे जमले. शिक्षिका एका टोकाला, दादा दुसऱ्या.

"भाऊजी, वहीतले आकडे क्रमाने वाचा."

"सहा, सात, आठ, नऊ, नऊ, दहा, बारा, चौदा, पंधरा, सतरा, वीस."

"अकरातला मधला सहावा. किती?"

"दहा. पण कार्डावर बारा आहे! बाईंची चूक?"

"पाऊण वाटेवरचा, म्हणजे नववा?"

"पंधरा. कार्डावर सतरा."

"दोन्ही टोकं आणि पाव वाटेवरचा तिसरा, आठ, तेवढे जुळतात. म्हणजे कार्ड झाल्यावर वहीतला एक मोठा आकडा, सतरा किंवा त्याहून मोठा, खालच्या बाजूला आणून बसवला. बाकीची दहा घरं खरी ठरली. उरला यांचा नऊ. तो काढा आणि सदतीस घाला."

भाऊजींनी बोटावर मोजलं. "मधला बारा! नववा सतरा!"

"आणि शेवटचा सदतीस. कार्डावर तो पुसून वीस केला. कोणी? चालकाला कार्ड कळत नाही. बाईंनी केलं असतं तर पाचही आकडे नव्याने काढले असते, ते त्यांचं रोजचं काम. ज्याला वाटतं मधला हलत नाही, त्यानेच फक्त टोक बदललं." वहिनी व्यवस्थापकांकडे वळल्या. "साहेब, मोठा आकडा आणखी मोठा झाला तर मधला हलत नाही. पण त्याला मध्य ओलांडून खाली आणलंत, की रांगच सरकते."



"फोन नऊ दहालाच आला होता," ऑपरेटरबाई हुंदका देत म्हणाल्या. "नोकरीच्या भीतीने गप्प बसले."

व्यवस्थापक खुर्चीत खचले. "माझ्या आईला पट्टी बदलायला न्यायचं होतं. गाडी मीच पाठवली. वाटलं, दहा मिनिटांचं काम..."

"गाडी वेळेवर आली असती तर बाबा वाचले असते?" शिक्षिकेने विचारलं.

"ते हे आकडे सांगत नाहीत," वहिनी हळूच म्हणाल्या.

दादा पुढे आला.

"सदतीस मिनिटं मी बाबांची छाती दाबत होते, दादा," ती म्हणाली. "एकदाही थांबले नाही."

दादा उभ्या जागी मटकन खाली बसला.